ग्लासात आहे तेवढंच

अगं पोरी,

रात्री एक वाजता पाठवलेला तुझा तो मारुतीच्या शेपटासारखा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. चहा गार झाला. गेल्या वर्षी आप्पाच्या आठवणीला त्याने स्वतः केलेल्या वाइनची बाटली उघडली तेव्हा तुला नेलपॉलिशचा वास आला, हे तू आत्ता सांगतेस. आपण नऊ जण बसलो होतो. आठ जण "वा" म्हणाले आणि नववी तू, तूही म्हणालीस. आता यंदा त्याची शेवटची बाटली उघडायचं आणि तिच्याबद्दल दोन शब्द बोलायचं काम काकूंनी, म्हणजे आप्पाच्या बायकोने, तुझ्यावर टाकलंय, आणि तू मला विचारतेस की खरं बोलू की गप्प बसू.

विचारायला माणूस बरोब्बर चुकीचा निवडलास. गेल्या वर्षी पहिला "वा" माझा होता.

तरी उत्तर देतो. ग्लासात आहे ते बोल. जास्त नाही, कमी नाही. तू रोज सकाळी पांढरा कोट घालून टाकीटाकीतली व्होलाटाइल अ‍ॅसिडिटी, म्हणजे वाइन व्हिनेगरकडे किती झुकली ते, मोजतेस. लिटरमागे एक ग्रॅमच्या पुढे आकडा गेला की साहेबांना झोपेतून उठवतेस. आणि गेलेल्या माणसाच्या बाटलीपुढे तुझं नाक एकदम सोवळ्यात जातं? मग त्या नाकाचा उपयोग काय? नाक आप्पानेच घडवलं ना तुझं?

तू आमच्यात फार उशिरा आलीस, म्हणून सांगतो. आमची बैठक सुरू झाली २००२ साली, म्हणजे सरकारने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं त्याच्या पुढच्या वर्षी. विंचूरला आणि तिकडे सांगलीजवळ पलूसला वाइन पार्क होणार म्हणून सगळीकडे बोलबाला होता. निफाड-दिंडोरीत जो उठेल तो शिराझ आणि शेनिन ब्लाँ ही वाइनच्या द्राक्षांची नावं म्हणायला शिकत होता. मी बँकेत शेतीकर्जं बघायचो. आप्पा थॉमसनवाला, म्हणजे खायच्या द्राक्षांचा पिढीजात बागायतदार. आमच्यातल्या कुणालाच वाइनमधलं काही कळत नव्हतं. आप्पाने नियम घातला : बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची, लेबल शेवटी बघायचं. आधी सगळ्यांनी नाकाला आणि जिभेला काय लागलं ते सांगायचं. शब्द घरचे. ब्लॅककरंट म्हणायचं नाही, कारण बाप जन्मात कुणी खाल्लेलं नव्हतं. जांभूळ म्हणा, काळी मिरी म्हणा, भिजलेलं गोणपाट म्हणा, गोठा म्हणा. गोठ्यावर एकदा अर्धा तास वाद झाला, गाईचा की म्हशीचा.

एकदा आमच्यातल्या एकाने दुबईच्या विमानतळावरून फ्रान्सच्या बोर्दोची भारी बाटली आणली. कागद गुंडाळलेला, पण त्याच्या चेहऱ्यावरच किंमत लिहिलेली. सगळे आधीच माना डोलवायला लागले. आप्पाने ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला आणि म्हणाला, "ओला पुठ्ठा." खरोखरच पुठ्ठा होता. तुला ठाऊक आहे, बुचातल्या बुरशीचा आणि क्लोरीनचा खेळ. त्यातून होणारा पदार्थ लिटरमध्ये दोन-चार नॅनोग्रॅम असला तरी फळाचा वास मरतो. महाग बाटली, स्वस्त बाटली, तो भेद करत नाही. पण आम्हाला तेव्हा हे कुठे माहीत? आम्हाला एवढंच दिसलं की दुबईवाला लाल झाला आणि आप्पाने त्याच्यासमोर ग्लास तुळशीच्या नव्हे, शेजारच्या जास्वंदीच्या कुंडीत ओतला. दोन महिने तो माणूस आला नाही. तिसऱ्या महिन्यात आला, कागदात गुंडाळलेली दुसरी बाटली घेऊन. गेल्या वर्षी तुझ्या डाव्या हाताला बसला होता तोच. आता सगळ्यांत मोठ्याने "वा" म्हणतो तोही तोच. माणसं अशी.

तर आप्पा हा असा होता. त्याच्या आठवणीला जमायचं आणि त्याच्याच बाटलीवर खोटं बोलायचं, याला श्राद्ध म्हणतात की थट्टा? पिंडाला कावळा शिवला नाही तर आपण गेलेल्याची कसली इच्छा राहिली ते आठवायला लागतो, कुणीतरी पुढे होऊन शब्द देतो. इथे कावळा शिवतच नाहीये तीन वर्षं, आणि आम्ही ग्लासावर ग्लास भरतोय.

आता नेलपॉलिशचं.

आप्पाने २००५च्या फेब्रुवारीत आपल्या एक एकर शिराझची दोन पिंपं भरली. ओळखीच्या एका छोट्या वायनरीत कोपरा मिळाला होता. सव्वादोनशे लिटरचं एक, म्हणजे दोन्ही मिळून सहाशे बाटल्यांच्या आत-बाहेर. माल चांगला होता. मी स्वतः घड हातात घेतलेत. बारीक मणी, जाड साल, बी कडक तपकिरी झालेली. पण लाकडाच्या पिंपातून वाइन उडत राहते आणि वर पोकळी होते, ती दर आठवड्या-दोन आठवड्यांनी भरून काढावी लागते, नाहीतर हवा बसते आणि हवेबरोबर व्हिनेगरचे जंतू, आणि नेलपॉलिशचा वास त्यांचाच. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकलेला आणि आप्पा खरड छाटणीच्या गडबडीत. मजूर मिळत नव्हते. दीड महिना त्याने पिंपाचं बूच काढून बघितलं नाही.

२००६च्या जूनमध्ये, पहिल्या पावसात, त्याने मला एकट्याला बोलावलं. ओट्यावर बसलो. कागद नाही, गुंडाळणं नाही. स्टीलच्या फुलपात्रात ओतली, काचेचे ग्लास वर्षभर बैठकीला वापरून फुटून चार उरले होते. मी नाकाशी नेली. वर सरळ नेलपॉलिशची झणझण. तिच्या खाली, थांबलं तर, जांभूळ. खरंच सुंदर जांभूळ. आप्पाने विचारलं, "जमतंय का मला?"

मी जांभळाचं बोललो.

खोटं बोललो नाही, हे लक्षात घे. जांभूळ होतं. पण अर्धंच बोललो. तो बारा वर्षांचा पोर असल्यासारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. बाहेर पाऊस, वहिनींनी कांदाभजी तळायला घेतलेली. त्या क्षणी "आप्पा, व्हिनेगर झालंय वरून" म्हणणं माझ्याच्याने झालं नाही. तुझ्याच्याने झालं असतं? गेल्या वर्षी तर झालं नाही, आणि तेव्हा तर तो समोरही नव्हता.

पुढचं तुला तुकड्या-तुकड्यात ठाऊक असेल, सलग ऐक. त्या वर्षी त्याने थॉमसनच्या तीन एकरांचा मांडव मोडला आणि तिथे शिराझ लावायचं ठरवलं. कर्जाचा कागद माझ्याच टेबलावर आला. शिफारस मी लिहिली. एका वायनरीने खरेदीचा करार केला होता, नाव लिहीत नाही, आता त्या दारावर कुलूप आहे. २००८ला जगात मंदी आली, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं रिकामी पडली, आणि वायनऱ्यांच्या टाक्यांत जुनाच माल पडून राहिला. नव्या द्राक्षांना कोण विचारतो? २००९च्या हंगामात आप्पाचं पहिलं भरघोस पीक वेलीवर सुकलं. थॉमसन असतं तर बाजार समितीत गेलं असतं, बेदाणा झाला असता. वाइनचं द्राक्ष खाणार कोण, सालच चावत नाही. २०१०मध्ये ट्रॅक्टर लावून त्याने ती बाग उपटली. एकट्याने नाही, तेव्हा शेकडो एकर उपटले गेले. मीही उभा होतो बांधावर. तारा गुंडाळत होता आणि मला म्हणाला, "जांभूळ होतं ना रे?"

मंदीला मी जबाबदार नाही. करार मोडणाऱ्यालाही मी आणलं नव्हतं. कागदोपत्री ते कर्ज चोख होतं, माझ्या जागी कुणीही मंजूर केलं असतं, आणि आप्पा माझं ऐकून शेती करणारा माणूस नव्हता. हे मी गेली पंधरा वर्षं आंघोळ करताना स्वतःला सांगतो. खरंही आहे ते. पण त्या दिवशी मी नेलपॉलिश म्हटलं असतं तर तो पिंपं भरायला शिकला असता, एक एकरावर आणखी दोन वर्षं काढली असती, आणि दोन वर्षांनी तीच मंदी त्याने थॉमसनच्या मांडवाखालून बघितली असती. एवढंच. बाकी काही म्हणत नाही.

तू लिहितेस, "पण काका, वाइनपेक्षा आठवण मोठी ना?" हे वाक्य मला फार लागलं, आणि रागही आला. आठवण कशाची? आप्पाच्या जिभेची की आपल्या डोळ्यातल्या पाण्याची? कुणी गेलं की त्याच्या सगळ्या वस्तू गोड करायची आपल्याला खोड आहे. त्याचं अक्षर सुंदर, त्याचा राग सुंदर, त्याची वाइन सुंदर. अशाने माणूस दुसऱ्यांदा मरतो, बाई. त्याच्या त्या वाइनमध्ये एप्रिलचा उन्हाळा आहे, न मिळालेले मजूर आहेत, दीड महिना न काढलेलं बूच आहे. ते सगळं आप्पा आहे. ते पुसून नुसतं जांभूळ ठेवलंस तर उरतो कोण?

ग्लासात आहे ते बोल. परत परत सांगतोय, कारण मला कुणी सांगितलं नाही.

आता "काकूंना काय वाटेल" याबद्दल. तुझ्या मेसेजमध्ये हे तीनदा आलंय. ऐक. गेल्या वर्षी तुम्ही सगळे गेल्यावर मी मागे राहिलो, खुर्च्या आत घ्यायला. वहिनी मोरीत ग्लास विसळत होत्या. एक ग्लास त्यांनी नाकाशी नेला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अजून जात नाही हो हा नेलपॉलिशचा वास." मी उभाच राहिलो. त्या म्हणाल्या, "मी यांना तेव्हाच म्हटलं होतं. तर म्हणाले, तुला काय कळतंय, बँकवाले भावजी चांगली म्हणाले." मग ग्लास पालथा घातला आणि भजीचं तेल गाळून ठेवायला गेल्या.

तेव्हा ज्या बाईला तू जपतेस तिला वीस वर्षांपासून सगळं माहीत आहे. तिने शेवटची बाटली माझ्याकडे नाही दिली, दुबईवाल्याकडे नाही दिली. टाक्या मोजणाऱ्या पोरीकडे दिली. याचा अर्थ मी तुला उलगडून सांगायचा का?

कामाचं बोलतो. बाटली वीस वर्षांची आहे आणि बरीच वर्षं कपाटावर उन्हाळे काढलेली. आपल्याकडची शिराझ इतकी टिकायला केलेली नसते, आणि ही तर जखमीच. बूच भुसभुशीत झालं असणार. स्क्रू लावू नकोस, तुकडे पडतील. तो दोन पात्यांचा चिमटा आण, बुचाच्या दोन्ही बाजूंनी हलवत हलवत घाल आणि फिरवत वर घे. तरी तुटलंच तर चहाची गाळणी आहे, लाजू नकोस. ओतताना बाटलीच्या मानेमागे मोबाइलचा दिवा धर, गाळ मानेशी आला की थांब. तासभर उघडी ठेवून "श्वास घेऊ दे" वगैरे करू नकोस, जे काही उरलंय ते दहा-पंधरा मिनिटांत निघून जाईल. नऊ जणांत साडेसातशे मिलिलिटर, म्हणजे ऐंशी-ऐंशी. आप्पाचा दहावा ग्लास धरलास तर आणखी कमी. तो ग्लास दरवर्षीसारखा कठड्यावर ठेव, मुंग्या लागतात, लागू देत.

आणि बाटली कागदात गुंडाळ. हो, सगळ्यांना माहीत असलं तरी. नियम म्हणजे नियम.

बोलायचं काय? आधी वर जे असेल ते. नेलपॉलिश असेल तर नेलपॉलिश, पूर्ण व्हिनेगर झालं असेल तर व्हिनेगर. मग थांबायचं. ग्लास हातात धरून ऊब द्यायची आणि परत नाक घालायचं. खाली काही असेल तर ते सांगायचं. नसेल तर नाही. माझ्याकडे बघून जांभूळ काढू नकोस. मला ते हवंय हे ठाऊक असल्यामुळे तर मुळीच काढू नकोस.

दुबईवाला यंदा १९९४चं व्हिंटेज पोर्ट आणणार म्हणतोय, पोरीच्या लग्नासाठी ठेवलेलं. तिने कोर्टात लग्न केलं आणि बाटली राहिली. मी अकलूजची सेते ही वाइन आणतोय, आप्पाला त्यातल्या द्राक्षाचं नाव, सांजोव्हेजे, म्हणायला जमायचं नाही पण त्या बाटलीवर तो एकदा दोन दिवस बोलत होता. म्हणजे प्यायला बरं काहीतरी असेल, तुझ्यावर सगळा भार नाही.

बैठक शनिवारी साडेसातला. बाटली गुरुवारी संध्याकाळपासून उभी करून ठेव, गाळ तळाशी बसू दे. कपाटावर नको. माठाशेजारी, जमिनीवर, भिंतीला लागून.

तुझा
काका