कॉलेज कुठलं ते नंतर, आधी कोर्ट कुठलं ते सांग

प्रश्न: मॅडम, मी उदगीरची, बारावी झाले, पाच वर्षांचं लॉ करायचंय. सीईटीच्या मार्कांवर लातूर नाहीतर संभाजीनगरचं कॉलेज मिळेल असं दिसतंय. मामा पुण्यात असतात, ते म्हणतात तिथल्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत ये, गावाकडच्या डिग्रीला कोण विचारतं. पण पुण्याचा पाच वर्षांचा खर्च हॉस्टेल धरून १५ लाखांच्या पुढे जातोय आणि बाबा शेतीच करतात. मला वकिली उदगीर-लातूरलाच करायचीय, पुढे जमलं तर हायकोर्टाच्या खंडपीठात. घरात जज्जच्या परीक्षेचंही चाललंय. काय करू?

उत्तर: तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे वकिली कुठे करायची ते तू आधीच ठरवलंयस. बहुतेक मुलं हे शेवटच्या वर्षाला ठरवतात आणि मग अडकतात, त्यामुळे तुझं निम्मं काम झालेलंच आहे.

कायद्याने विचारशील तर कॉलेज कुठलंही चालतं. पुण्याला शिक, लातूरला शिक, नागपूरला शिक, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, शेवटी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचीच मिळणार, मग एआयबीई ही वकिलांची देशपातळीवरची परीक्षा पास व्हायची, आणि त्यानंतर देशातल्या कुठल्याही कोर्टात उभं राहता येतं. सनदेवर कॉलेजचा शिक्का वेगळा नसतो. पण रोजच्या कामात फरक पडतो आणि तो कसा पडतो हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगते.

मी पुण्यात शिकले, चांगल्या मार्कांनी पास झाले आणि मराठवाड्यात परत आले. ज्युनिअरशिपच्या पहिल्याच आठवड्यात सिनिअरांनी एक सातबारा माझ्यापुढे सरकवला, जुना, घड्या पडून पडून मधोमध फाटत आलेला, आणि इतर अधिकाराच्या रकान्यात लिहिलेलं, "सं. कूळ, ३८ ई", सं. म्हणजे संरक्षित. म्हणाले, यावर नोट काढ. मी रात्रभर १९४८ चा मुंबई कूळ कायदा चाळला, कारण कॉलेजात तोच शिकले होते, कलम ३२, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं तो १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, सगळं तोंडपाठ. सकाळी नोट ठेवली तर सिनिअर एवढंच बोलले, "अगं, हा कायदा इकडे नाही. इकडे निजामाचा इलाखा होता, हैदराबादचा १९५० चा चालतो." ३८ ई हे त्यातलंच कलम. विदर्भाला परत तिसराच, १९५८ चा. एकाच राज्यात तीन कूळ कायदे, आणि माझा पक्षकार बाहेर बाकावर बसलेला होता, त्याची ४ एकर जमीन त्या एका ओळीवर अडलेली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

तुझ्या भागातल्या वकिलीत हेच रोज येणार आहे. खासरापत्रकं म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदी, मदतमाश-खिदमतमाश ही निजामाच्या काळातली इनामं, उर्दू आणि मोडीतले जुने कागद, फेरफारचे वाद. मराठवाड्यातल्या कॉलेजात हे सगळं शिकवतात असं मी म्हणत नाही, सिलॅबस बऱ्यापैकी सारखाच असतो, पण शिकवणारे सर दुपारी त्याच कोर्टात उभे असतात, वर्गातल्या पोरांचे बाप-काका तिथलेच वकील नाहीतर कारकून असतात, आणि पाच वर्षांत तुला कोर्टाच्या कचेरीतला शिरस्तेदार कोण, नकलेचा अर्ज कुठे टाकायचा, कुठला सिनिअर ज्युनिअरला खरंच शिकवतो आणि कुठला नुसत्या तारखा घ्यायला लावतो, हे सगळं कळून जातं. वकिलीची पहिली तीन वर्षं याच माहितीवर निघतात बघ.

मला विचारशील तर संभाजीनगर. माणिकचंद पहाडे लॉ कॉलेज मिळालं तर डोळे झाकून घे. कारण खंडपीठ तिथेच आहे, १९८१ पासून, आणि लातूरचं अपील तिथेच जातं. कॉलेज सुटलं की खंडपीठात जाऊन मागच्या बाकावर बसता येईल. हॉस्टेलचा खर्च अगदीच जड जात असेल तर लातूर, त्यातही काही कमीपणा नाही, फक्त मग सुट्टीत खंडपीठात इंटर्नशिप करायचीच. पाच वर्षांच्या कोर्सला बार कौन्सिलच्या नियमाने किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. बरीच पोरं नुसतं सर्टिफिकेट आणतात, तू तसं करू नकोस. थोडे आठवडे उदगीर कोर्टात, थोडे उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे महसुलाच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाकडे, बाकीचे खंडपीठात.

एक गोष्ट मात्र आत्तापासून सांभाळ. खालच्या कोर्टात मराठी चालते, पण खंडपीठात सगळं इंग्रजीत. आपल्याकडच्या हुशार पोरी तिथेच मागे पडतात, हे बघून जीव तुटतो गं. रोज एक निकाल इंग्रजीत वाचायचा आणि स्वतःच्या शब्दांत इंग्रजीतच अर्धं पान लिहायचं, पहिल्या वर्षापासून.

मामांचं अगदीच चुकतंय असंही नाही. मुंबईच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये कंपन्यांचं काम करायचं असतं तर कॉलेजचं नाव बघतात, मग क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीसाठी जीव तोडायला मीच सांगितलं असतं. पण उदगीरच्या कोर्टासाठी बाबांच्या डोक्यावर १५ लाख चढवू नकोस. आणि जज्जच्या परीक्षेचं म्हणशील तर सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ च्या निकालात किमान ३ वर्षं वकिलीची अट परत आणलीय, म्हणजे तिकडे जायचं तरी आधी कोर्टात उभं राहायचंच आहे, आणि ती ३ वर्षं ओळखीच्या कोर्टात गेलेली बरी.

प्रश्न: आम्ही सावंतवाडीचे. मुलाला गोव्यात वकिली करायचीय, पत्नीचं माहेर तिकडचं. कॉलेज मुंबईत बघावं की गोव्यात?

उत्तर: गोव्यात, दादा. बार कौन्सिल दोन्हीकडचं एकच, पण घरादाराचा, वारशाचा कायदा तिकडे पूर्ण वेगळा आहे. पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा, आणि वारसाहक्कासाठी आता गोव्याचा स्वतःचा २०१२ चा कायदा. लग्न झालं की साधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, आणि मुलं असतील तर मृत्युपत्राने अर्धाच हिस्सा हवा त्याला देता येतो, बाकी अर्धा मुलांचाच. वाटणीसाठी इन्व्हेंटरी नावाची वेगळीच प्रक्रिया चालते. हे मुंबईत बसून पुस्तकातून शिकणं अवघड आहे. मिरामारचं साळगावकर किंवा मडगावचं कारे कॉलेज बघा. पर्वरीला हायकोर्टाचं खंडपीठ आहे, तिथे मुलाला एकदा दिवसभर बसवून आणा.

फक्त एक लक्षात ठेवा, सिंधुदुर्गची हायकोर्टातली प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. त्यामुळे सावंतवाडी आणि गोवा दोन्हीकडे वकिली करायचा मुलाचा विचार असेल तर वरच्या कोर्टासाठी कधी पर्वरी, कधी कोल्हापूर असं धावावं लागेल, ते त्याला आत्ताच सांगून ठेवा.