जीएफएक्स कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून कॅननची टिल्ट-शिफ्ट लेन्स वापरावी का, की उभ्या रेषा सॉफ्टवेअरमध्ये सरळ करणे पुरेसे आहे?

आपला फुजी जीएफएक्स १००एस घेऊन झाला आहे, वास्तूंची छायाचित्रे काढायची आहेत, आणि कॅननची टिल्ट-शिफ्ट लेन्स (कॅमेरा न हलवता जी कलवता, म्हणजे टिल्ट, आणि बाजूला सरकवता, म्हणजे शिफ्ट, येते ती) त्यावर चढवण्यात काही अर्थ आहे का, की कलणाऱ्या रेषा संगणकावर सरळ करून भागेल, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात देता येते : आहे. दुसऱ्या भागावर मात्र मला सविस्तर लिहावे लागणार, कारण ‘संगणकावर होतंय की’ हे वाक्य मी कित्येक वर्षे ऐकत आलो आहे आणि ते मला मान्य नाही.

मी नांदेडचा. पोट लग्नसराईवर आणि साखर कारखान्यांच्या वार्षिक अहवालांवर चालते, पण जीव मराठवाड्यातल्या जुन्या देवळांत अडकलेला आहे. देगलूर तालुक्यातील होट्टलला कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले सिद्धेश्वर मंदिर आहे. त्याच्या बाह्यभिंतीवरील सुरसुंदरी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. जतनाच्या कामातल्या एका वास्तुविशारद बाईंना तिथल्या भिंतींची अशी छायाचित्रे हवी होती की त्यांवर पारदर्शक कागद ठेवून दगडाचा प्रत्येक सांधा आखता यावा. भिंत आत-बाहेर होत जाते, त्यामुळे फार मागे जाऊन लांब पल्ल्याच्या लेन्सने काम भागत नव्हते. त्यांनी ठरवून दिलेल्या अंतरावरूनच चित्र घ्यायचे होते. काम दोघांना मिळाले : मला, आणि ज्यांच्याकडे मी डार्करूम शिकलो त्या ज्येष्ठ व्यवसायबंधूंना. मी त्यांना काका म्हणतो आणि त्यांच्याविषयीचा आदर कायम ठेवूनच हे लिहितो आहे.

मी जोत्यासमोर ट्रायपॉड लावला, कॅमेऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक पातळीवर दोन्ही रेषा हिरव्या होईपर्यंत तो समतल केला आणि लेन्सच्या बाजूची शिफ्टची घुंडी फिरवायला लागलो. या घुंडीचा अनुभव ज्याने घेतलेला नाही त्याला तो शब्दांत सांगणे अवघड आहे. कॅमेरा जागचा हलत नाही, पण पडद्यावर खालची मोकळी जमीन हळूहळू चौकटीबाहेर जाते आणि वरचे छज्जे, त्यावरचे थर एकेक करून आत उतरतात; कोपऱ्यातला अर्धस्तंभ मात्र पहिल्याइतकाच ताठ उभा राहतो. काका बाजूला उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, “एवढं वजन कशाला वागवायलास? वर करून काढ, संगणकावर दोन मिनिटांत सरळ होतंय.” त्यांनी तसेच काढले. कॅमेरा वर कलवून, हातात धरून, आणि माझ्या कितीतरी आधी त्यांचे काम उरकले.

पुढे दोघांची छायाचित्रे एकाच टेबलावर आली. बाईंनी गर्भगृहाची द्वारचौकट आणि बाहेरचे एक देवकोष्ठ (मूर्तीचा कोनाडा) टेपने मोजून ठेवले होते. माझ्या छायाचित्रातले रुंदी-उंचीचे प्रमाण त्या मापांशी जुळले. काकांच्या छायाचित्रात रेषा सरळ होत्या, अगदी ओळंब्यात होत्या, पण देवकोष्ठ मुळापेक्षा उंच झाले होते आणि त्यातली मूर्ती आहे त्यापेक्षा सडपातळ दिसत होती. बाईंनी पेन्सिलीने दोन्ही चित्रांवर तीच चौकट आखून दाखवली तेव्हा फरक डोळ्यांनाही दिसला. काकांचे म्हणणे, मूर्तीची घडणच तशी आहे. तो वाद तेव्हा मिटला नाही आणि अजूनही मिटलेला नाही.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. कॅमेरा वर कलवला की भिंतीचा माथा सेन्सरपासून पायथ्यापेक्षा दूर जातो आणि लहान उमटतो. सॉफ्टवेअर त्या माथ्याला आडवे ताणून पायथ्याइतके रुंद करते. पण उभ्या दिशेने किती ताणायचे, हे ठरवायला कॅमेरा किती अंशांनी कलला होता आणि लेन्सची नाभीय लांबी (फोकल लेंग्थ) किती होती, हे दोन्ही माहीत असावे लागते. बहुतेक लोक पट्टी सरकवत राहतात आणि रेषा समांतर दिसल्या की थांबतात. रेषा समांतर झाल्या म्हणजे प्रमाण बरोबर आले असे मुळीच नाही. शिवाय जिथे कोरीवकाम सर्वांत दूर असते, म्हणजे शिखराकडे, तिथेच सर्वांत कमी पिक्सेल ताणून सर्वांत जास्त जागा भरलेली असते. दगडाची जी रवाळ पोत १०० मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन टिपायची, तीच माथ्याला गुळगुळीत होऊन बसते.

आता आकड्यांकडे येतो, कारण लेन्स विकत घेण्याचा निर्णय आकड्यांवरच व्हायला हवा. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमीचा आहे. कॅननच्या टिल्ट-शिफ्ट लेन्सना टीएस-ई म्हणतात; त्यांपैकी २००९ साली आलेल्या टीएस-ई १७ मिमी एफ/४ आणि टीएस-ई २४ मिमी एफ/३.५ दुसरी आवृत्ती, या दोन्ही लेन्सचे प्रतिमा-वर्तुळ (लेन्स जेवढ्या गोलावर चित्र पाडते ते) ६७.२ मिमी व्यासाचे आहे. वर्तुळात आयत बसवण्याचे साधे गणित केले तर आडव्या चौकटीत वर-खाली सुमारे ९ मिमी, आणि उभ्या चौकटीत सुमारे साडेसात मिमी शिफ्ट मिळते. लेन्सवर १२ मिमीपर्यंत खुणा आहेत. त्या छोट्या ३६ × २४ मिमीच्या सेन्सरसाठी आहेत. नऊच्या पुढे गेलात की कोपरे काळे पडू लागतील आणि त्याच्या थोडे आधीपासूनच कडा मऊ होऊ लागतील. याउलट टीएस-ई २४ ची पहिली आवृत्ती, ४५ आणि ९० या १९९१ च्या पिढीतील लेन्सचे वर्तुळ ५८.६ मिमीच आहे. आपल्या सेन्सरवर त्यांत आडव्या चौकटीत जेमतेम ३ मिमी शिफ्ट उरते. स्वस्तात मिळते म्हणून ती पहिली २४ जीएफएक्ससाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नऊ मिलिमीटर ऐकायला कमी वाटतात. पण २४ मिमीच्या लेन्सवर समतल कॅमेरा वरच्या दिशेने सुमारे ३४ अंशांपर्यंत पाहतो आणि ९ मिमी शिफ्ट दिली की जवळजवळ ४७ अंशांपर्यंत. वीस मीटरवरून कॅमेऱ्याच्या उंचीच्या वर आधी १४ मीटरांच्या आत दिसत होते, ते आता २१ मीटरांवर दिसते. १७ मिमीच्या लेन्सवर हेच ३० मीटर होते. हा आकडा मी उगाच देत नाही. वेरूळचे १६ क्रमांकाचे लेणे, म्हणजे कैलास, हीच मराठवाड्यात या लेन्सची खरी परीक्षा आहे. अंगणापासून विमानाची, म्हणजे शिखरासह मुख्य देवळाची, उंची ३० मीटरांच्या आसपास आहे. अंगण सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद असले तरी मधोमध मंदिरच उभे आहे आणि तिन्ही बाजूंना कातळाच्या भिंती आहेत. मागे सरकायला जागाच नाही. डोंगर वरून खाली खोदत ज्यांनी ते घडवले त्यांनी पाठीमागचा कातळ जिथे सोडला, तिथे आपली पाठ टेकते. फुजीने २०२३ साली स्वतःची जीएफ ३० मिमी टिल्ट-शिफ्ट आणली. तिचे वर्तुळ ८५ मिमीचे आहे, तिची शिफ्ट पूर्ण १५ मिमी वापरता येते आणि गुणवत्तेत तिच्यापुढे कॅननची जुनी लेन्स टिकणार नाही. पण तिचा दृश्यकोन छोट्या सेन्सरवरच्या २४ मिमीइतका आहे, तर कॅननची १७ मिमी आपल्या कॅमेऱ्यावर साडेतेरा मिमीसारखी वागते. कैलासाच्या बाजूच्या बोळात हा फरक निर्णायक ठरतो.

अडॅप्टरविषयी थोडक्यात. कॅनन ईएफ माउंटचे, म्हणजे लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे, अंतर ४४ मिमी आणि जीएफएक्सचे २६.७ मिमी, म्हणजे अडॅप्टरची जाडी १७.३ मिमी. ही जाडी चारही बाजूंनी तंतोतंत सारखी नसेल तर आपल्याला नको असताना टिल्ट मिळते आणि चित्राची एक बाजू कायम धूसर राहते. अडॅप्टर आल्याबरोबर विटांच्या सपाट भिंतीचे समोरून, छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडून छायाचित्र घ्यावे आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. परत करण्याची मुदत असेपर्यंतच हे करावे. दुसरे, कॅननच्या लेन्सवर छिद्राचे कडे नसते, त्यामुळे विद्युत संपर्क असलेलाच अडॅप्टर घ्यावा. कॅननच्या कॅमेऱ्यावर छिद्र ठरवून, पूर्वदर्शनाचे बटण दाबून धरून लेन्स काढण्याची जुनी युक्ती चालते, पण उन्हातान्हात धुळीत ती करत बसण्यात अर्थ नाही. तिसरे, अडॅप्टरचे आतले तोंड चमकत असेल तर शिफ्ट दिल्यावर त्यावरून उजेड परतून चित्र फिके पडते. आतून काळी मखमली पट्टी लावून घ्यावी.

वापरताना एफ/८ ते एफ/११ या मर्यादेत राहावे. एफ/१६ ला १०० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) धार बोथट झालेली स्पष्ट दिसते. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण ट्रायपॉडवर बंद ठेवावे. फोकस शिफ्ट दिल्यानंतर, चित्र मोठे करून करावा. मिररलेस कॅमेऱ्याचा खरा फायदा इथे आहे, कारण उजेडाचे मापही शिफ्टनंतर सेन्सरवरच घेतले जाते.

दोन-तीन चित्रे जोडून मोठे चित्र करायचे असेल तर एक गोष्ट फार लोक चुकवतात. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून लेन्स वर-खाली केली की प्रत्यक्षात लेन्स हलते, म्हणजे पाहण्याची जागाच बदलते. समोर मोकळे मैदान असेल तर काही बिघडत नाही, पण सभामंडपात जवळचा खांब आणि मागचे दार यांची गाठ एका चित्रात एका ठिकाणी आणि दुसऱ्यात दुसऱ्या ठिकाणी पडते आणि जोड फसतो. लेन्सलाच पकडणारा गळपट्टा मिळतो. तो ट्रायपॉडवर बसवावा आणि कॅमेरा मागे सरकू द्यावा. मग ९ मिमी वर आणि ९ मिमी खाली अशा दोन चित्रांतून जवळजवळ ४४ × ५१ मिमीच्या सेन्सरइतके चित्र मिळते.

टिल्टविषयी आपण विचारलेले नाही, म्हणून एवढेच सांगतो की २४ मिमीच्या लेन्सवर सुमारे १.४ मीटर उंचीवरून फरसबंदीवर फोकस अंथरायला एक अंश टिल्टही पुरते. उंच इमारत समोर असताना टिल्ट शून्यावर कुलूपबंद ठेवावी.

आता माझ्या म्हणण्याच्या मर्यादा. कॅमेरा समतल ठेवून रुंद लेन्सने काढलेल्या चित्रातला नको असलेला खालचा भाग कापून टाकला तर भूमितीच्या दृष्टीने ते शिफ्टइतकेच खरे असते. फक्त पिक्सेल कमी होतात, आणि १०० मेगापिक्सेलमध्ये ते कधी कधी परवडते. त्याचप्रमाणे कॅमेरा कलल्याचा कोन आणि नाभीय लांबी टाकून हिशेबाने सरळ केलेले चित्रही प्रमाणात बरोबर येते. माझा आक्षेप नजरेने पट्टी सरकवण्यावर आहे, आणि काका तेच करत होते. ते अजूनही तसेच करतात आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी मुलेही, हे मला खुपते. कारण ही छायाचित्रे पुढे कुणीतरी प्रमाण मानून दुरुस्तीच्या कामाला वापरणार आहे. छापील पत्रिकेसाठी किंवा मोबाइलवर पाहण्यासाठी रेषा नजरेने सरळ केल्या तर माझी हरकत नाही. तसेच उंच आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या वास्तू, उदाहरणार्थ बीबी का मकबऱ्याचे मिनार, जवळून पूर्ण दुरुस्तीने काढले तर वरून जड वाटतात. तिथे शिफ्ट थोडी कमी ठेवून कॅमेरा किंचित वर कलवावा.

आपण वेरूळला जाणार असाल तर ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीच काढून ठेवा, दारावर ती मिळत नाही. कैलास पश्चिमाभिमुख आहे, म्हणून सकाळी सूर्य मंदिराच्या मागून थेट लेन्सवर येतो. १७ मिमीची पुढची काच फुगीर आहे, तिला फिल्टर बसत नाही आणि आडोसाही धड करता येत नाही. दुपारनंतर जा. मंगळवारी लेणी बंद असतात.