अणूंना जोडणारे रासायनिक बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते ना? मग काही अभिक्रिया थंड का होतात?

उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा लागते, नवा बंध जुळताना ती सुटते. दोन्हींतली वजाबाकी आपल्याला जाणवते.

आमच्या परळच्या घरात पाइपचा गॅस येतो, म्हणजे मुख्यतः मिथेन. एक मोल (रेणू मोजायचं एकक, इथे साधारण १६ ग्रॅम) मिथेन आणि त्याला लागणारा ऑक्सिजन यांचे बंध तोडायला साधारण २६५० किलोज्यूल खर्च. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होताना सुमारे ३४५० परत. वरचे ८०० चहाला! लायटरची ठिणगी फक्त सुरुवातीचं भांडवल, पुढे ज्योत स्वतःच खर्च भागवते.

आता लिंबाच्या रसात खायचा सोडा टाका. फसफसतं आणि पेला गार लागतो, कारण इथे तोडायचा खर्च परत मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त, म्हणून उष्णता आत ओढली जाते. (क्लासच्या नोट्समध्येही ‘बंध तुटताना ऊर्जा मिळते’ असं वाचलंय. खोडा ते.)