स्वतःचं मस्टर

प्रिय पोरी,

रविवारी तू गेलीस आणि चहाचे कप उचलता उचलता हिनं मला विचारलं, ‘एवढं काय ओरडलात तिच्यावर?’ ओरडलो खरा. पण तो राग तुझ्यावरचा नव्हता आणि ते तुला कळायला काही मार्ग नव्हता, म्हणून हे पत्र.

तू तीन वाटा घेऊन आली होतीस. आपल्या नाशिकच्या अंबडला ठेकेदारामार्फत पॅनेल वायरिंग, चाकणला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन ट्रेनी, नाहीतर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणातून एखाद्या कचेरीत बसायचं. मी विचारलं, ‘ठेकेदाराचं नाव काय?’ तू म्हणालीस, ‘नाव नाही माहीत, काका. व्हॉट्सॲपवर मेसेज आला, सकाळी त्रिमूर्ती चौकात उभी राहा म्हणून.’ तिथं माझा आवाज चढला. आयटीआयला दोन वर्षं घातलेली मुलगी, आणि कोणाकडे कामाला चाललीय हे तिला माहीत नाही!

मी बत्तीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो, हे तुला ठाऊक आहे. तिथं काय करत होतो, ते मात्र कधी सांगितलं नाही. मस्टर, म्हणजे हजेरीपट, मी भरायचो. दर महिन्याला टेम्पररी पोरांची यादी काढायची, प्रत्येकाच्या नावापुढे भरलेले दिवस मांडायचे. कोणाचे 210-220 झाले की ते नाव साहेबांच्या टेबलावर. मग गेटवर त्याला सांगायचं, तुला ब्रेक आहे, काही महिन्यांनी ये. पोरं म्हणायची, ‘सात महिने झाले वाटतं.’ हसून म्हणायची.

हे सगळं 240 या आकड्यासाठी. औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत 240 दिवस भरले की ती वर्षभराची अखंड सेवा धरली जायची, मग काढताना नोटीस आणि भरपाई आली. आपल्या राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांत तर तेवढ्या दिवसांवर टेम्पररी माणसाला कायम करा असं लिहिलेलं होतं. पगारी सुट्ट्या आणि रविवारसुद्धा त्यात मोजायचे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 सालीच सांगितलं. आम्हाला ते माहीत होतं, म्हणून आम्ही 220 वरच थांबायचो. पोरं मात्र फक्त हजेरीचे दिवस मोजायची. मोजत असतील तर.

त्यातला एक फिटर होता, पेठकडचा. चार वर्षांत पाच वेळा आत-बाहेर झाला, पण एका वर्षी यादीत आमची चूक झाली आणि त्याचे दिवस भरले. तो कामगार न्यायालयात गेला. एका संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला, म्हणाला, ‘भाऊसाहेब, फक्त माझे दिवस एका कागदावर लिहून द्या.’ मी म्हटलं, ‘मस्टर कंपनीचं आहे, माझं नाही.’ त्याच्याकडे पगाराचं एक पाकीट नव्हतं, गेटपास त्यानं दर वेळी परत केलेला. दिवस सिद्ध झाले नाहीत आणि तो हरला. पुढे 2002 साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं, की 240 दिवस भरले हे दाखवायची जबाबदारी कामगाराची.

माझीही दोन मुलं शाळेत होती. सही दिली असती तर दुसऱ्या दिवशी मीच गेटबाहेर, आणि मस्टर दुसऱ्या कोणी भरलं असतं, कदाचित जास्त वाईट भरलं असतं. मी एकही खोटी हजेरी मांडली नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो. आता तू म्हणशील, हे मला कशाला सांगताय. बरोबर आहे.

तर स्वतःचं मस्टर स्वतः ठेव. दहा रुपयांची वही पुरे. तारीख, शिफ्ट, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, त्या दिवशीचा सुपरवायझर, ओव्हरटाइम. रोज, झोपायच्या आधी. नुसत्या वहीनं कोर्ट जिंकता येत नाही, तिला जोड लागते. म्हणून पगार बँकेतच घे, पगाराची स्लिप माग, गेटपासचा फोटो काढून ठेव आणि पीएफचा यूएएन नंबर, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा खात्याचा क्रमांक, पाठ कर. पीएफच्या पासबुकात महिनावार कोणी पैसे भरले ते नावानिशी दिसतं. ठेकेदार दर वर्षी फर्मची पाटी बदलतात, दिवस पुन्हा एकपासून सुरू. तो खेळ पासबुकात पकडता येतो. आणि नोकरी सुटली की पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढून मोबाइल घ्यायचा, हे तुमच्या वयाचं खूळ सोड. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. ती तूच मोडत बसलीस तर ठेकेदाराला काही करायची गरजच नाही.

तुझ्या वडिलांचं म्हणणं, ‘आता नवे कायदे आले.’ आले ना. कामगारांच्या चार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू, जुने 29 कायदे त्यांत गेले. नियुक्तिपत्र सगळ्यांना द्यायचं आहे. ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे, पूर्वी पाच वर्षं लागायची. पण मुदतीवरचा कामगार कंपनीच्या पटावर असतो, ठेकेदाराची माणसं नसतात. तू कोणत्या पटावर, हे तुझ्या हातातला कागद सांगेल, त्रिमूर्ती चौकातली गाडी नाही. दुसरीकडे स्थायी आदेशांची सक्ती आता 300 कामगारांपासून वरच. आपल्या अंबड-सातपूरमधली किती लहान वर्कशॉप त्यात बसतील, तूच बघ. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ कंपनीनं द्यायचा, हे 1970 च्या कायद्यापासून आहे. पण त्या गेटच्या आत तू होतीस हे दाखवणार कशानं?

सुरगाण्याच्या टोळ्या दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या छाटणीला येतात, उक्त्यानं, एकरावर. गेल्या वर्षी भाच्याच्या बागेत बघितलं, मुकादमाच्या बायकोकडे वही होती. कोणती ओळ, किती झाडं, किती उचल घेतली. संध्याकाळी भाच्याचा हिशेब आणि तिचा हिशेब जुळेना, तर भाच्यालाच पुन्हा ओळी मोजाव्या लागल्या. ती दुसरीपर्यंत शिकलेली. तुझ्याकडे प्रमाणपत्र आहे आणि वही नाही, म्हणून मला चीड येते.

बाकीचं थोडक्यात. कचेरीतल्या प्रशिक्षणात तुला आयटीआयचे महिना 8,000 मिळतील, पण मुदत संपली की घरी. त्यात तुझी वायरिंगची बोटं गंजतील. ते नको. चाकणला जायला माझी हरकत नाही, पण ट्रेनी म्हणजे नक्की कोण, शिकाऊ उमेदवार की आणखी काही, हे करारावर वाचून मला फोन कर. 2027 च्या सिंहस्थाच्या निमित्तानं इथंही कामं निघतील, नाक्यानाक्यावर माणसं उचलतील. रोजंदारी चांगली वाटेल. तिथंही वही.

तो पेठचा फिटर मध्यंतरी कार्बन नाक्यावर दिसला, रिक्षाच्या रांगेत. मी स्कूटर दुसऱ्या बाजूनं काढली.

शनिवारी संध्याकाळी ये. येताना वही आण, पहिल्या पानाचे रकाने मी आखून देतो.

तुझा,
काका

ता. क. त्या ठेकेदाराचा मेसेज पुसू नकोस. नंबरासकट मला पाठव, नाव मी काढतो.