मॅडम, धंदा मी चालवतेय की एआय चालवतंय?

एकट्याने व्यवसाय करणारे जे लोक हल्ली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतायत, त्यांच्यातले बरेच जण फिरून फिरून एकच विचारतात, की निम्म्याहून जास्त काम एआय करून देतंय, पैसेही बरे येतायत, मग छातीत ही धडधड कसली आणि रात्री झोप का लागत नाही. म्हणून एका क्लायंटची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती छोट्या कंपन्यांना वेबसाईटचा मजकूर, न्यूजलेटर, प्रॉडक्टची माहिती असं लिहून देते. पहिल्या भेटीत तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि बोलता बोलता दर दोन मिनिटांनी त्याचा एक कोपरा उचलून खाली डोकावायची, परत ठेवायची, हे तिच्या लक्षातही येत नव्हतं. म्हणाली, "मॅडम, मला सारखं वाटतं मी पकडली जाणार. क्लायंट विचारेल हे तू लिहिलंस का, आणि मला उत्तर देता येणार नाही."

आपण लायक नसताना मिळवलंय आणि एक दिवस उघडं पडणार, या भावनेवर पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी १९७८ मध्येच लिहून ठेवलंय, लोक त्याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात, आणि मीही पहिल्या दोन भेटी तोच धागा धरून बोलत राहिले. तिने केलेल्या कामाची यादी करायला लावली, जुन्या क्लायंटचे चांगले मेल वाचायला लावले. तिला बरं वाटायचं, पण चार दिवसांपुरतं. तेव्हा मला कळलं की मी चुकीच्या जागी शोधतेय.

तिसऱ्या भेटीत मी तिला आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशोब लिहायला सांगितला आणि त्यात खरी गोष्ट निघाली. लिहायला लागायचा जेमतेम तास, आणि तपासायला चार! झालं होतं असं की काही महिन्यांपूर्वी एआयने एका प्रॉडक्टच्या माहितीत दोन वर्षांच्या गॅरंटीची पाच वर्षं करून टाकली होती, वाक्य इतकं सफाईदार की तिच्या नजरेतून सुटलं, आणि ते क्लायंटने पकडलं. तेव्हापासून ती प्रत्येक ओळ तीन तीनदा वाचायची, झोपल्यावर उठून वाचायची, आणि तरी पाठवताना हात थरथरायचा.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण लोक धरून चालतात की मशीनने काम केलं की माणसाला फक्त नजर ठेवायचीय म्हणजे आराम. लिझान बेनब्रिज नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये कारखान्यांतल्या ऑटोमेशनबद्दल नेमकं उलटं सांगितलं होतं, की सोपा भाग यंत्राकडे जातो, अवघड तेवढं माणसाकडे उरतं आणि बहुतेक वेळा बरोबरच चालणाऱ्या गोष्टीवर तासन् तास लक्ष ठेवणं माणसाला जमतच नाही. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी आळशी नाहीये."

मग आम्ही तपासणीचीच पद्धत बदलली. सगळं वाचायचं नाही. आधी क्लायंटने दिलेल्या माहितीतून आकडे, नावं, तारखा आणि कबूल केलेल्या गोष्टी (गॅरंटी, परतावा, मुदत) स्वतःच्या हाताने कागदावर काढायच्या, एआयकडे जायच्या आधी, आणि मसुदा आला की फक्त त्या एकेकीवर टिक करायची. मूळ माहितीत नसलेला एखादा आकडा किंवा वचन दिसलं तर ते सरळ काढून टाकायचं. सगळ्यांवर टिक झाली की एकदाच सलग वाचायचं आणि पाठवायचं. आणि क्लायंटने विचारायच्या आत आपणच सांगायचं की मसुद्यासाठी मी एआय वापरते, तपासून जबाबदारी मी घेते. पकडलं जाण्याची भीती निम्मी तिथेच गेली, कारण लपवायलाच काही उरलं नाही.

उरलेल्या निम्म्या भीतीला वेळ लागला. एकदा तिने मला रात्री एआयशी झालेलं चॅट दाखवलं. पहिला प्रश्न, मी दर वाढवू का? उत्तर, हो, तुमच्या अनुभवाला ते साजेसंच आहे. वीस मिनिटांनी, दर वाढवले तर क्लायंट तुटतील ना? उत्तर, तुमची काळजी अगदी योग्य आहे, सध्या थांबलेलं बरं. दोन्ही वेळा इतकं समजूतदार, इतकं गोड, आणि ती पहाटेपर्यंत तिथेच. ही टूल्स आपल्या होला हो मिळवण्याकडे झुकतात, एप्रिल २०२५ मध्ये तर ओपनएआयला चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घ्यावं लागलं कारण ते अतीच हांजी हांजी करत होतं, कंपनीने तसं जाहीर मान्य केलं. मी तिला विचारलं, "याआधी असं काही ठरवताना कोणाशी बोलायचीस?"

तिचे डोळे भरून आले. आधी तिच्यासोबत एक जण अर्धवेळ संपादन करायची. एआय आल्यावर काम कमी झालं आणि हिने तिला हळूहळू काम देणं बंद केलं, नीट बोललीही नाही, नुसते मेल यायचे थांबले. "ती मला तोंडावर सांगायची, हा क्लायंट घेऊ नकोस, त्रास देईल. मी चिडायचे. आता असं कोणीच म्हणत नाही मॅडम."

तीन भेटी होईपर्यंत हे तिने उच्चारलंही नव्हतं. मला वाटतं धडधडीचं मूळ इथे होतं, पकडलं जाण्याच्या भीतीपेक्षा या अपराधीपणात आणि एकटेपणात. कामं यंत्राकडे गेली तरी निर्णयाचं ओझं एकाच माणसाच्या डोक्यावर राहतं, आणि तिने तर ते वाटून घेणारं माणूसच गमावलं होतं. एकट्याने धंदा करणाऱ्या प्रत्येकाला मी आता पहिल्याच भेटीत हे विचारते, की तुला "नको करूस" असं म्हणणारं कोण आहे?

संपादन करणाऱ्या त्या मैत्रिणीला फोन करायला तिला दोन आठवडे लागले. काय बोलायचं ते एआयकडून लिहून घेतलं होतं, मग ते बाजूला ठेवलं आणि नुसतं म्हणाली, "मी तुझ्याशी वाईट वागले." पलीकडून लगेच माफी वगैरे काही आली नाही, ती म्हणाली, हो, मला लागलं होतं. पण फोन ठेवला नाही. आता दोघी आठवड्यातून एक तास बोलतात, त्या तासाचे पैसे ही तिला देते, आणि दर, नवे क्लायंट, नकार असले विषय त्या तासासाठीच राखून ठेवते, रात्री चॅटमध्ये टाकत नाही.

मागच्या भेटीत फोन पर्समध्येच होता. जाताना तिने सांगितलं की पहिल्याच तासात तिच्या मैत्रिणीने एका मोठ्या कामाला नाही म्हणायला लावलं, आणि त्या रात्री ती साडेदहाला झोपली.