फिल्मचं शिक्षण नाही, चाळिशी जवळ आली. बायकांच्या गोष्टी लिहून त्यांची निर्मितीही स्वतःच करायची आहे. मराठीत असं कोणी केलंय का?

केलंय की. सुमित्रा भावे. 'बाई' हा त्यांचा पहिला लघुपट १९८५ चा आणि त्यांचा जन्म १९४३ चा, म्हणजे वयाचं गणित तुम्हीच मांडा.

सिनेमा हा त्यांचा मूळ धंदाच नव्हता. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकल्या, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं, आकाशवाणीवर बातम्याही वाचल्या. मग 'स्त्रीवाणी' या संस्थेसाठी वस्त्यांमधल्या दलित बायकांच्या आयुष्यावर संशोधन केलं. त्यातून आठ बायकांच्या कहाण्यांचं इंग्रजी पुस्तकही झालं. पण ज्यांनी आपलं आयुष्य सांगितलं त्यांना तो अहवाल वाचता येणार नव्हता. त्यांच्यापर्यंत परत पोचायचं म्हणून कॅमेरा हाती आला. 'बाई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नंतर 'पाणी'लाही.

मी त्यांचे सिनेमे एक प्रेक्षक म्हणून वर्षानुवर्षं बघत आलोय. माझ्या मते त्यांची खरी शाळा म्हणजे त्या बायकांचं ऐकणं. 'दोघी' (१९९५) बघा. लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात जातो आणि गाव थोरल्या गौरीला पांढऱ्या पायाची ठरवून मोकळं होतं. पुढे मामा तिला मुंबईला नेतो आणि तिच्या शरीराच्या कमाईवर घर चालू लागतं. इथे दुसऱ्या कोणी आईला खलनायिका केलं असतं. उत्तरा बावकरांची आई मात्र लेकीचे पैसे घेते आणि लेकीला दारात उभं करताना कचरते, आणि तरीही तिचा राग येत नाही. असं पात्र टेबलाशी बसून सुचत नाही हो.

आता पैशाचं, कारण तुम्ही निर्मितीबद्दलही विचारलंय. त्यांनी एकाच दारावर धरणं धरलं नाही. 'दोघी'मागे एनएफडीसी (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) आणि दूरदर्शन होतं. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारावरच्या 'देवराई'साठी कॅल्गरीचे डॉ. जगन्नाथ वाणी उभे राहिले, कारण त्या आजाराची जनजागृती हे त्यांचं स्वतःचंच काम होतं. नैराश्यावरच्या, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवणाऱ्या 'कासव'चे निर्माते डॉ. मोहन आगाशे तर मानसोपचारतज्ज्ञच. म्हणजे ज्याला ती गोष्ट सांगितली जायला हवी होती, तोच पैसे घेऊन आला. चकाचक ऑफिसांत फाईल घेऊन फिरण्याआधी तुमच्या विषयाची अशी गरज कोणाला आहे, ते शोधा.

आणि एकटीने सगळं ओढू नका. सुनील सुकथनकर फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेले. दोघांनी मिळून दिग्दर्शन केलं, गाणी बहुतेकदा सुनीलनी लिहिली. कथा-पटकथा मात्र सुमित्राताईंची. तुम्हालाही तंत्र जाणणारं माणूस लागेल, फक्त पटकथेची सूत्रं हातची सोडू नका.

'दोघी' झाल्यावर 'संहिता' बघा. त्यात माहितीपट करणारी एक बाई राजा, राणी आणि गायिकेच्या जुन्या कथेवर पटकथा लिहायला बसते, आणि शेवट काय करायचा यावरून निर्मातीशी तिचं जुळत नाही. लिहायला लागलात की हे भांडण तुमच्याही वाट्याला येणारच आहे.