सिंगल माल्ट स्कॉचमध्ये, म्हणजे स्कॉटलंडमधील एकाच डिस्टिलरीत केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेल्या व्हिस्कीत, पाणी घातल्यास चव बिघडते का?

बिघडत नाही, किंबहुना थोड्या पाण्याने ती खुलते. पहिला वास आणि पहिला घोट मात्र पाण्याविना घ्यावा. तोंडाशी निमुळता असलेला ग्लास वापरावा आणि नाक आत खुपसू नये, कारण किमान 40 टक्के असलेल्या मद्यार्काचा झणका एकदा बसला की पुढचे काही उमगत नाही. त्यानंतर साधे पाणी थेंबाथेंबाने घालावे. लॅफ्रॉइगसारख्या स्कॉटलंडच्या आयला बेटावरील व्हिस्कीतला धुरकट वास ग्वायाकॉलसारख्या संयुगांमुळे येतो आणि मद्यार्काचे प्रमाण घटले की ग्वायाकॉलचे रेणू पृष्ठभागाकडे सरकतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी 2017 मध्ये संगणकीय अभ्यासातून दाखवले. पाण्याने व्हिस्की किंचित गढूळ झाली, तर लगेच भेसळीचा संशय घेऊ नये. थंड करून गाळलेली नसलेली व्हिस्की अशी होऊ शकते. बर्फ टाळावा, कारण गारठ्याने वास दबतो.

आपल्या कोल्हापुरात खरी अडचण पाण्याची नसून तांबड्या रश्श्याची आहे. तिखटाने जीभ चुरचुरत असताना ग्लेनमोरांजी या सिंगल माल्टमधला, बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या पिंपातून उतरलेला व्हॅनिलाचा गोडवा ओळखू येणे कठीण, म्हणून चाखणे आणि टिपणे लिहिणे ताटावर बसण्यापूर्वीच उरकावे, आणि तोवर झणझणीत चखणाही दूर ठेवावा.